आखडलेला घोटा आणि सायकलचे पेडल

अकोल्याच्या सपाट रस्त्यावर जो आखडलेला घोटा मुकाट्याने साथ देतो, तोच अमरावतीस मालटेकडीच्या बाजूचा चढ लागताच कुरकुरू लागतो. म्हणून सायकल सोडावयाची काय? मुळीच नाही. चवड्याने पेडल दाबले, की पावलाची तरफ होऊन ताण घोट्यावर येतो. पेडलचा आस तळपायाच्या मध्याखाली आणला, की ही तरफ आखूड होते व ताण ओसरतो. यास्तव पेडल रुंद, सपाट व न घसरणारे निवडावे. पाऊल जखडणारा पट्टा टाळावा; तोल जाताच पाय जमिनीस टेकता आला पाहिजे. पाऊल पुढे सरकल्यामुळे बैठक किंचित खाली घ्यावी. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे बदलताना ध्यानी ठेवावे. घोटा वळो न वळो, चाक फिरविण्यास गुडघा आणि मांडी समर्थ आहेत.