जीप किती उंच असावी?

गेल्या वर्षी मृगाच्या आधी भाचा जीप घेऊन गॅरेजवर आला. जीप दाजींची. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. १९९१ सालची एमएम ५४०, कोयनेच्या खोऱ्यात, पाटणच्या वरच्या अंगाला वाडीपर्यंत भाताची पोती आणि आजारी माणसं वाहण्यात तिची हयात गेलेली. भाच्यानं मोबाइल पुढे केला. फोटोतली जीप अशीच होती, पण चाकं माणसाच्या कमरेला लागतील एवढी आणि बॉडी इतकी वर की खालून शेळी निघून जावी. "मामा, आपली अशी करायची. तेहतीस इंची टायर आणि पाच इंच लिफ्ट. पैसे साठवलेत."

मी कराडला तीस वर्षं जीप-ट्रॅक्टरची कामं करतो. असं गिऱ्हाईक महिन्याला एखादं येतंच. पण ही जीप दाजींची, म्हणून त्याला चहा सांगितला आणि टायरपाशी उकिडवा बसवला.

त्या टायरवर ६.००-१६ असं लिहिलेलं असतं. हे जुन्या पद्धतीचं माप. टायरची रुंदी सहा इंच, आत डिस्क सोळा इंचांची. या जातीच्या टायरची उंची साधारण रुंदीएवढीच धरतात. म्हणजे वर सहा, खाली सहा आणि मधले सोळा मिळून अठ्ठावीस इंच. नव्या टायरवर २३५/७५ आर १५ असं असतं. त्यात २३५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची तिच्या ७५ टक्के आणि डिस्क पंधरा इंचांची. गुणाकार करून पाहिला तर हा टायर एकोणतीस इंचांच्या किंचित आत भरतो. डिस्क एक इंचानं लहान, तरी चाक मोठं! दुकानात गेल्यावर आधी हे गणित करावं. नुसत्या पंधरा-सोळाच्या आकड्यावरून उंची कळत नाही.

आता लिफ्ट. जीप खडकावर अडकते ती बहुधा मागच्या ॲक्सलच्या मधल्या गोळ्यावर, ज्यात क्राउन-पिनियन असतं. हा गोळा ॲक्सलला असतो आणि ॲक्सल चाकावर उभा असतो. पाटे उंच केले की चासी आणि बॉडी वर जाते, गोळा मात्र होता तिथेच राहतो. पाच इंच लिफ्ट केली तरी गोळ्याखालची जागा एका सुतानं वाढत नाही. ती वाढते फक्त टायरनं, आणि तीही निम्मी. अठ्ठावीसचा टायर काढून तेहतीसचा लावला, तर पाचातले अडीच इंच गोळ्याला मिळतात. म्हणून आधी आपल्या वाटेला किती उंच चाक लागतं ते ठरवायचं, आणि ते चाक मडगार्डात आणि पाट्यांच्या मध्ये मोकळं फिरावं एवढ्यापुरती लिफ्ट करायची. चासीचं पोट दगडाला घासतं, चढाच्या तोंडाशी बंपर आधी टेकतो, त्यात लिफ्टचा थोडा फायदा होतो, नाही असं नाही. पण आपल्याकडे बहुतेक जण आधी लिफ्ट ठरवतात आणि मग ती शोभावी म्हणून टायर शोधतात.

मोठं चाक फुकट येत नाही. या जीपचं इंजिन साठेक अश्वशक्तीचं. चाक अठ्ठावीसवरून तेहतीसवर गेलं की प्रत्येक गिअर जवळजवळ अठरा टक्क्यांनी लांबतो. जिथे दाजी दुसऱ्या गिअरवर चढत, तिथे पहिला टाकावा लागणार. स्पीडोमीटर साठ दाखवतो तेव्हा गाडी सत्तरच्या वेगानं पळत असते. सगळ्यात वाईट म्हणजे ब्रेक. ड्रम तेच, लायनर तेच, पायाचा जोरही तोच. चाक मोठं झालं की जमिनीवर पोचणारी ब्रेकची पकड पंधरा टक्क्यांनी उतरते. टायरच्या वजनाचं आणखी वेगळंच.

इथपर्यंत भाचा मान डोलावत होता. मग मी त्याला २००३ सालची गोष्ट सांगितली. त्याच्या घरात ती कुणी त्याला सांगितलेली नव्हती.

माझ्या स्वतःच्या जीपला मी तेव्हा एकतीस इंची, रुंद टायर लावले होते. चारी बाजूंना एकेक जादा पाटा, लांब शॅकल. बॉडी एकूण पाच इंच वर. आपल्या हाताचं काम, त्याची ऐट होती. भात झोडून झालं होतं. आठ पोती मागे, दाजी शेजारी, आणि वाडीवरून उतरताना वळणावर ब्रेक दाबला. जीप थांबली, पण मला हवी होती तिथे नाही. पुढे दोन-तीन हात. डावं चाक चरात उतरलं, पोती सरकली आणि जीप सावकाश, अगदी सावकाश, डोंगराच्या बाजूला कलून दरडीला टेकली. दाजींनी तोल सावरायला हात बाहेर काढला होता. मनगट मोडलं. ते पुढे नीट बसलं नाही. शेवटपर्यंत त्यांना त्या हातानं भरलेली कळशी उचलता येत नसे. मला ते कधी एका शब्दानं बोलले नाहीत. जुनं माप असतं तर जीप चराच्या अलीकडे थांबली असती असं मला आजही वाटतं.

त्याचं गणित मी नंतर कागदावर मांडलं. जीपच्या दोन चाकांमधलं अंतर साधारण चार फूट, निम्मं चोवीस इंच. समजा वजनाचा मध्य जमिनीपासून सव्वीस इंचांवर आहे, तर ती उभी असताना सुमारे त्रेचाळीस अंशांपर्यंत कलून तग धरते. तोच मध्य पाच इंच वर गेला की अडतीस अंश. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात पाटे दबतात, पोती सरकतात, वळणाचा जोर असतो, आणि हिशेब त्याच्या बराच आधी संपतो.

टायरच्या रुंदीबद्दलही आपल्याकडे गैरसमज आहे. वाळूत, पोकळ मातीत रुंद टायर वर तरंगतो, तिथे तो चांगला. आमच्याकडे पावसाळ्यात वरती वीतभर चिखल आणि खाली घट्ट जांभा असतो. तिथे अरुंद टायर चिखल कापून जांभ्याला जाऊन धरतो. रुंद टायर चिखलावरच घसरत बसतो. शिवाय या जीपला पॉवर स्टिअरिंग नाही, आणि रुंद टायर पुरा फेर घेताना पाट्याला घासतो. मग तो बाहेर यावा म्हणून लोक जास्त बाहेर आलेल्या डिस्क किंवा मध्ये स्पेसर घालतात, आणि हबच्या बेअरिंगवर सगळा ताण येतो. डिस्क बदलायचीच असेल तर पाच नटांचं वर्तुळ साडेपाच इंचांचं आहे ना, मधलं भोक हबवर बसतं ना, आणि डिस्क आधीपेक्षा किती बाहेर येते, हे तिन्ही मोजूनच घ्यावं.

लिफ्टचे प्रकार अनेक. लांब शॅकल सगळ्यात स्वस्त, पण दोन इंच लांब शॅकल लावली तर उंची एकच इंच मिळते आणि पुढच्या ॲक्सलचा कोन बिघडून स्टिअरिंग आपसूक सरळ होईनासं होतं. काही जण ॲक्सलखालचे पाटे वर घेतात. त्यात चार-पाच इंच मिळतात खरे, पण स्टिअरिंगचे दांडे तिरके होतात, जोर लावला की ॲक्सल पिळतो, आणि शाफ्टचे क्रॉस वाजू लागतात. मैदानात स्पर्धा खेळणाऱ्यांनी सगळी जुळवाजुळव करून ते करावं. पोती आणि माणसं नेणाऱ्यानं त्या भानगडीत पडू नये.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा १९८८, त्याचं कलम ५२. नोंदणी पुस्तकातल्या, म्हणजे कंपनीनं ठरवलेल्या रचनेशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. पंधरा वर्षं उलटलेल्या जीपची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, तेव्हा गाडी तपासणीला उभी राहतेच. अपघात झाला तर विमावाले आधी टायरचं माप बघतील.

एवढं बोलून झाल्यावर मी टेप काढला आणि दाजींच्या जीपचे पाटे मोजले. मागच्या पाट्यांची कमान पार बसली होती, जवळजवळ सरळ. रबरी बुश नावाला उरले होते. जुनी जीप बुटकी वाटते ती बहुतेक वेळा अशी. तीस-पस्तीस वर्षांत तिनं आपली उंचीच गमावलेली असते. पाटे उतरवून कमान देऊन आणले, एक तडकलेला होता तो बदलला, बुश आणि यू-बोल्ट नवे घातले. जीप मागून पावणेदोन इंच वर आली. कायद्याला धक्का नाही, कोन जागच्या जागी.

टायर ६.००-१६च घेतले, फक्त खोल, जाड नक्षीचे. बसवल्यावर एका पुढच्या चाकाखाली ठोकळा दिला, विरुद्ध बाजूचं मागचं चाक जॅकवर घेतलं आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून कुठे घासतं का पाहिलं. कुठल्याही मापाचा टायर असो, ही परीक्षा सपाट फरशीवर उभ्या गाडीची करून उपयोग नाही. चिखलात थोडी हवा कमी करायची युक्तीही त्याला सांगितली. मात्र हे ट्यूबचे टायर आहेत, फार उतरवली तर टायर डिस्कवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटतो. आणि डांबरी लागायच्या आत हवा परत भरायची.

भाचा थोडा खट्टू झाला होता. फोटोतली जीप काही त्याच्या मनातून जात नव्हती. मग त्याची आई आली, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेली. पायरीवर पाय ठेवला, दांडी धरली आणि कुणाचा हात न घेता दाजींच्या जागेवर जाऊन बसली. तो काही बोलला नाही.

निघताना त्यानं विचारलं, "मामा, टायर चारच घेतले. स्टेपनी जुनीच राहू दे ना?" जुनी स्टेपनी पार गुळगुळीत, नव्यापेक्षा बोटभर बुटकी. मी नाही म्हटलं. फोर बाय फोर टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधला जातो. एक चाक लहान असलं तर फरक जायला जागा नसते आणि तो ट्रान्स्फर केसच्या दात्यांवर निघतो. पाचवा टायर माझ्या पैशानं घेतला.