चाकाने केलेले भूमीचे वर्गीकरण

चारही चाकांना एंजिनाची शक्ती पोचविणाऱ्या मोटारींत अलीकडे एक फिरती कळ आढळते. तीवर वाळू, चिखल, बर्फ, खडक अशी नावे अथवा त्यांची चित्रे असतात. समोरची जमीन पाहून चालकाने त्यांतील एक निवडावयाचे असते. ही नावे नित्य व्यवहारातील असल्यामुळे त्यांचा अर्थ आपणांस ठाऊकच आहे, असे तो गृहीत धरतो. वस्तुतः त्या पारिभाषिक संज्ञा होत, आणि त्यांचे लक्षण जमिनीच्या द्रव्यावरून नव्हे, तर तीवर चाक कसे वागते यावरून ठरविलेले आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या यंत्राकडे वळावे ते यासाठी. परंतु संज्ञेचा विचार करण्यापूर्वी यंत्र काय करते हे पाहणे प्राप्त आहे.

ब्रिटनमधील लँड रोव्हर कंपनीने २००४ साली ‘डिस्कव्हरी ३’ या गाडीत ‘टेरेन रिस्पॉन्स’ या नावाने ही योजना आणली. कळीला पाच स्थाने होती : सामान्य, गवत-खडी-बर्फ, चिखल व चाकोऱ्या, वाळू, आणि खडक. कळ फिरविल्याने गाडीत नवा अवयव येत नाही. एंजिन, गिअर, ब्रेक, डिफरन्शियल यांचे नियंत्रण त्या सुमारास विद्युत्-यंत्रणेकडे आलेच होते. कळ त्या सर्वांना एकदम आज्ञांचा एक संच पाठविते. जुन्या जीपगाडीचा चालक हेच काम दोन-तीन दांड्या आणि स्वतःचे पाऊल यांच्या साह्याने करीत असे.

यांपैकी डिफरन्शियलचे कार्य थोडे समजावून घ्यावयास हवे. वळणावर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा अधिक फिरावे लागते. ती मोकळीक दंतचक्रांची ही जुळणी देते. मात्र दोन्ही बाजूंना फिरविणारे बल ती सारखेच वाटते, आणि येथेच अडचण उद्भवते. एक चाक निसरड्यावर आले की ते अल्प बलानेच गरगर फिरू लागते, आणि तेवढेच अल्प बल घट्ट जमिनीवरील चाकाच्या वाट्यास येते. गाडी जागच्या जागी राहते. यावर उपाय दोन. एक, डिफरन्शियल कुलूपबंद करून दोन्ही बाजू एकत्र फिरविणे. दुसरा, फिरणाऱ्या चाकालाच ब्रेक लावणे. मग त्या ब्रेकवर मात करण्यास जेवढे बल लागते, तेवढे दुसऱ्या चाकालाही मिळते.

हा ब्रेक केव्हा लावावयाचा, यावर सारे अवलंबून आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर सुमारे १० ते २० टक्के घसरणीस टायरची पकड सर्वाधिक असते. त्यापुढे ती कमी होत जाते. ओल्या गवतावर तर घसरण जवळजवळ होऊच द्यावयाची नसते. म्हणून ‘गवत-खडी-बर्फ’ या स्थानी पाऊल बरेच दाबले तरी एंजिन थोडेच बल देते आणि घसरणीचा मागमूस लागताच ब्रेक लागतो. वाळूत नेमके उलट. तेथे चाकाला सतत वाळू लोटीत पुढे जावे लागते. गती मंदावली की गाडी रुतली. वारंवार लागणारा ब्रेक हीच गती खाऊन टाकील, म्हणून यंत्रणा घसरण खपवून घेते, पावलाला तत्परतेने उत्तर देते आणि खालचा गिअर धरून ठेवते. चिखलातही थोडी गरगर इष्टच असते, कारण टायरच्या खाचांत भरलेला चिखल तिच्यामुळे उडून जातो. खडकांवर मात्र गती हीच शत्रू. तेथे सर्वांत सावकाश चाल आणि सर्वांत मवाळ पाऊल.

वाळूच्या बाबतीत पुढे एक उद्बोधक दुरुस्ती झाली. चालती गाडी वाळूत घसरण सोसते, हे खरे. परंतु उभी गाडी निघतेवेळी चाके गरगरली तर ती स्वतःचाच खड्डा खणतात. २००९ साली आलेल्या ‘डिस्कव्हरी ४’ मध्ये निघण्याच्या क्षणापुरती ही गरगर आवरण्याची सोय याच स्थानात घालण्यात आली. कळीवरील शब्द तोच राहिला. त्याचा आशय बदलला.

आता संज्ञांकडे. गवत, खडी आणि बर्फ यांना एका नावाखाली आणणारी भाषा निदान माझ्या पाहण्यात नाही. चाकाच्या दृष्टीने मात्र ती एकच वस्तू होय : कठीण तळावर पसरलेला निसरडा थर. तो थर जाड झाला की वस्तू बदलते. कंपनीच्या माहितीपुस्तिकेत खोल खडीसाठी ‘वाळू’ हे स्थान सांगितले आहे. आणि वाळू ओली असून चाके रुतण्याइतकी खोल असेल तर ‘चिखल’ हे. म्हणजे खडी ही वाळू ठरते आणि वाळू हा चिखल! शब्दकोशातील अर्थ धरून बसणारा चालक येथे फसेल, आणि फसलेली गाडी ओढून काढण्यास दुसरी गाडी शोधावी लागेल.

शिवाय ही परिभाषा सर्व उत्पादकांची एक नाही. जीपच्या २०११ च्या ‘ग्रँड चेरोकी’मध्ये वाळू आणि चिखल यांना मिळून एकच स्थान होते. महिंद्र कंपनीच्या २०२४ च्या ‘थार रॉक्स’मध्ये बर्फ, वाळू आणि चिखल अशी तीन आहेत. कोकणातील सड्यावर पावसाळ्यात जांभ्या दगडावर शेवाळ आणि गवत माजते. वर सांगितलेल्या लक्षणानुसार तेथे जवळचे स्थान बर्फाचे. पण जन्मात बर्फ न पाहिलेल्या चालकाचा हात त्याकडे जाणे कठीण. उलट ‘चिखल’ म्हटले की तो निःशंक होतो. आपल्याकडे गाळ, रेंदा, राड, दलदल असे भेद आहेत, आणि देशावरच्या काळ्या जमिनीचा चिखल तर चाकाला असा लिंपून बसतो की खाचा नावालाच उरतात. त्या एका शब्दाच्या पोटात हे सारे कोंबलेले आहे.

२०१२ च्या ‘रेंज रोव्हर’मध्ये शब्दाची ही मध्यस्थी ऐच्छिक झाली. तेथील ‘टेरेन रिस्पॉन्स २’ चाकांची घसरण इत्यादी लक्षणांवरून जमीन स्वतःच ओळखते व योग्य संच निवडते. तथापि असे लक्षण जाणवावयास चाक आधी त्या जमिनीवर यावे लागते. दहा वाव पुढची ओली वाळू चालकास दिसते, चाकास दिसत नाही; म्हणून त्या गाडीतही हाताने फिरवावयाची कळ ठेवलेलीच आहे.