विषारी पॅकेज काढल्यानंतर

मुक्त स्रोत सॉफ्टवेअर म्हणजे ज्याची मूळ आज्ञावली कुणालाही वाचता, वापरता आणि सुधारता येते असे सॉफ्टवेअर. आजचे बहुतेक सर्व्हर अशा शेकडो लहान पॅकेजांवर उभे असतात. त्यांतले एखादे विषारी निघाले तर ‘काढून टाका’ हे उत्तर मला अपुरे वाटते. याचे कारण २०२४च्या ‘एक्सझेड’ प्रकरणात दिसते.

एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारे साधन. त्याची देखभाल मुख्यतः एकच माणूस विनामोबदला करत होता. कामाला उशीर होतो म्हणून काही अनोळखी नावांनी त्याच्यामागे तगादा लावला. त्याच काळात ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी दोनेक वर्षे मनापासून मदत केली, विश्वास कमावला आणि अखेर ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट ठेवली. विशिष्ट गुप्त किल्ली असलेल्याला त्या वाटेने, पासवर्डशिवाय, दुसऱ्याच्या सर्व्हरवर हुकूम चालवता आला असता.

लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्यावरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला शंका आली. २९ मार्च २०२४ रोजी त्याने सारे उघड केले. लिनक्सच्या वितरकांनी लगेच जुनी आवृत्ती परत आणली. उबुंटूने मात्र आणखी एक पाऊल टाकले. दूषित आवृत्ती आल्यानंतर बांधलेली २४.०४ची सगळी पॅकेजे त्यांनी नव्याने बांधली आणि त्यासाठी चाचणी आवृत्ती आठवडाभर पुढे ढकलली. भेसळीचे तेल ओतून दिले, तरी त्यात तळलेल्या चकल्या डब्यात राहतातच, तसेच हे.

म्हणून असे काही घडले की मी तीन प्रश्न महत्त्वाचे मानतो. ते पॅकेज कोणकोणत्या यंत्रांवर पोहोचले? त्या यंत्रांवर कोणत्या किल्ल्या आणि पासवर्ड होते? आणि तिथे तयार झालेले काय काय पुढे गेले? यंत्र पुसण्याआधी त्याच्या नोंदींची प्रत ठेवावी, नाहीतर पुरावाच जातो. किल्ल्या बदलायच्या त्या स्वच्छ यंत्रावरून; दूषित यंत्रावर बदललेली किल्ली चोराच्याच हाती पडू शकते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र संकटाच्या दिवशी शोधता येत नाही. आपण कोणती पॅकेजे, कोणत्या आवृत्तीत वापरतो याची यादी आधीपासून हवी. त्या यादीतले एकेक पॅकेज कोण सांभाळतो, आणि तो एकटा तर नाही ना, हेही तिथेच लिहिलेले असावे.