दोन दिवसांचे माहेर

नांदुऱ्यासारख्या तालुक्याच्या गावात पूर्वी पाहुणे येत ते महिना-महिना राहण्यासाठी. उन्हाळ्याची सुटी लागली की मामाचे घर भरून जाई आणि अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, सासरी गेलेल्या लेकी माहेरी परतत. आता पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर येथे नोकरीस असलेली मुले-मुली शुक्रवारी रात्री गाडीत बसतात, शनिवारी सकाळी नांदुरा स्थानकावर उतरतात आणि रविवारी रात्री परततात. महिनाभराचा मुक्काम दोन दिवसांवर आला. या दोन दिवसांत आई-वडिलांची भेट, काका-मावशींची घरे, देवदर्शन, मुलांचे फिरणे आणि एखादे बाहेरचे जेवण, असे सारेच बसवायचे असते. ते नीट न बसल्यास निरोपाच्या वेळी 'बोलणे असे झालेच नाही' ही रुखरुख दोन्ही बाजूंना उरते. दोन दिवसांचे नियोजन म्हणूनच वरवर दिसते तितके किरकोळ नाही.

सुटी मिळाली कशी?

आठवड्याची सुटी आज गृहीत धरली जाते. परंतु ती मागून आणि झगडून मिळवावी लागली. मुंबईतील गिरणी कामगारांना पूर्वी आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. 'दीनबंधु'चे संपादक आणि कामगारांचे नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी ही मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. शनिवार त्याला जोडला गेला तो फार उशिरा. बँकांना दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सुटी मिळू लागली ती १ सप्टेंबर २०१५ पासून, तर महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांत पाच दिवसांचा आठवडा लागू झाला तो २९ फेब्रुवारी २०२० पासून.

अर्थात ही सुटी सर्वांच्या वाट्याला येत नाही. दुकानदाराला, शेतकऱ्याला, मजुराला शनिवार-रविवार असा वेगळा नसतो. नांदुऱ्यातील ज्या घरी पाहुणे येतात, त्या घरातील भाऊ शेतीत किंवा दुकानात गुंतलेला असेल, तर पाहुण्याची सुटी आणि यजमानाचे काम यांचा मेळ घालावाच लागतो. सोयाबीनची सोंगणी किंवा कापसाची वेचणी सुरू असताना 'आम्ही दोनच दिवस आलो आहोत' असा आग्रह धरणे यजमानाच्या जिवावर येते. निघण्यापूर्वी एक फोन करून शेतातील कामाची चौकशी केली, तर बरेच अवघडलेपण टळते.

येण्याच्या वाटा

बाहेरगावच्या नातेवाइकांना नांदुरा जवळचे वाटते ते रेल्वे आणि महामार्गामुळे. मुंबई-हावडा लोहमार्ग गावातून जातो; हा मार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला. पूर्वी सहा क्रमांकाचा आणि आता ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्गही येथूनच जातो. सर्वच जलद गाड्या नांदुऱ्याला थांबत नाहीत. त्यामुळे अनेक जण मलकापूर किंवा शेगावला उतरून पुढे एसटीने येतात.

एसटीच्या भाड्यातील बदलाचा परिणामही या भेटींवर झाला. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या तिकिटाची सवलत मिळाली. खामगाव, मोताळा किंवा जळगाव जामोद येथे दिलेल्या लेकीला माहेरी डोकावण्यासाठी आता कोणाकडे पैसे मागावे लागण्याची वेळ कमी येते, आणि आजोबांनाही 'तुम्हीच या' एवढेच न म्हणता स्वतः उठून लेकीकडे जाता येते. भेट एकाच बाजूने होत नाही, हा या सवलतींचा मोठा लाभ.

शनिवार घरोघरी

पहिला दिवस घरांसाठी राखणे उत्तम. गावात चार नातेवाईक असले, तर चारही घरी जावे लागते. एक घर चुकले की त्याची आठवण पुढच्या लग्नकार्यापर्यंत निघते. प्रत्येक घरी चहा, फराळ आणि जेवणाचा आग्रह झाला, तर दिवस ताटावरच संपतो. त्यावर काही कुटुंबांनी सोपा मार्ग काढला आहे. एका घरी सर्वांनी जमायचे, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा. सगळ्यांची भेट एकत्र होते आणि कोणाचा मानही दुखावत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. माहेरी आलेल्या लेकीला दोन दिवस विसावा मिळावा, हे सर्वांना मान्य असते. पण तो विसावा बहुधा वहिनीच्या दुप्पट कामातून येतो. दहा माणसांच्या भाकऱ्या, भांडी, अंथरुणे हे सारे तिच्याच वाट्याला जाते आणि तिची रविवारची सुटी मात्र हिशेबात धरली जात नाही. पाहुण्यांनी कामाला हात लावला आणि घरातील पुरुषांनीही एक जेवण आपल्याकडे घेतले, तर भेटीचा आनंद घरातील सर्वांना मिळतो.

याची सोय वऱ्हाडाच्या परंपरेतच आहे. शेतात गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजलेले रोडगे, वरण, वांग्याची झणझणीत भाजी आणि वरून तुपाची धार हे जेवण अनेक ठिकाणी पुरुष मंडळीच रांधतात. हिवाळ्यात हुरडा आणि वांग्याचे भरीत यांचा बेतही शेतातच रंगतो. नांदुरा-मलकापूरचा पट्टा विदर्भात असला, तरी जेवणात त्याची खानदेशाशी सोयरीक आहे. भरीताबरोबर कळण्याची भाकर आणि सणाला पुरणाचे मांडे येथील घरांना परके नाहीत. शहरातील नातवंडांना हे पदार्थ ऐकून ठाऊक असतात. विस्तवाजवळ बसून खाल्ले की ते त्यांचे होतात.

रविवारची सकाळ

दुसऱ्या दिवशी बाहेर पडायचे, तर आरंभ गावातूनच करता येतो. महामार्गालगतची १०५ फूट उंचीची हनुमानाची मूर्ती ही नांदुऱ्याची ओळख आहे. आंध्र प्रदेशातील परिताला येथे २००३ मध्ये १३५ फुटांची मूर्ती उभी राहिली आणि उंचीचा मान तिकडे गेला. परंतु मूर्तीच्या पायाशी उभे राहून मान वर करणाऱ्या मुलाच्या लेखी त्या आकड्यांना फारसा अर्थ नसतो.

तेथून शेगाव सुमारे २५ किलोमीटर. गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात प्रथम दिसले, ते उष्ट्या पत्रावळींवरील अन्नाचे कण वेचून खाताना, असे त्यांच्या चरित्रात सांगितले आहे. ८ सप्टेंबर १९१० रोजी, ऋषिपंचमीला, त्यांनी समाधी घेतली. संस्थानची शिस्त, स्वच्छता आणि सेवेकऱ्यांचे अदबीचे वागणे यांचा लौकिक महाराष्ट्रभर आहे. त्यामागे ऑगस्ट २०२१ मध्ये निधन पावलेले शिवशंकरभाऊ पाटील यांचे दीर्घ परिश्रम होते. रविवारी, गुरुवारी आणि एकादशीला गर्दी असते; लहान मुले व वृद्ध बरोबर असल्यास पहाटे निघणे सोयीचे. महाप्रसादाच्या पंगतीत पानात अन्न टाकू नये, हा धडा येथे मुलांना वेगळा शिकवावा लागत नाही.

शेगावची दुसरी ओळख कचोरी. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी १९५० च्या सुमारास रेल्वे स्थानकावर ती विकण्यास प्रारंभ केला. आकाराने लहान, डाळीच्या तिखट सारणाची आणि तळलेल्या हिरव्या मिरचीसोबत खाल्ली जाणारी ही कचोरी गाडी थांबताच प्रवाशांच्या हाती पडू लागली आणि रेल्वेनेच तिचे नाव दूरवर नेले. निर्वासित म्हणून आलेल्या एका कुटुंबाचा पदार्थ पन्नास-साठ वर्षांत 'आपल्याकडचा' म्हणून पाहुण्यांच्या पिशवीत बांधून दिला जाऊ लागला, ही बाबही मुलांना सांगण्यासारखी आहे.

परतताना वाकडी वाट करून खामगाव गाठता येते. शेगाव आणि नांदुरा यांच्यामधील जलंब स्थानकातून खामगावला फाटा जातो. कापसाच्या वाहतुकीसाठी बांधलेल्या या छोट्या मार्गाचे उद्घाटन १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत झाले. आज खामगाव चांदीसाठी प्रसिद्ध असून घरात लग्नकार्य ठरले असल्यास ही खेप खरेदीच्याही कामी येते.

बाहेरचे जेवण

एके काळी नांदुऱ्यात हॉटेल म्हणजे बस स्थानकाजवळचा चहा-भजी आणि तेथे बसणारे पुरुष. घरच्या बायका हॉटेलात जेवणे कमीपणाचे मानले जाई. महामार्गावरील कुटुंबासाठी बसण्याची सोय असलेल्या ढाब्यांनी ही समजूत हळूहळू मोडली. शेवभाजी, वरण-बट्टी असे ओळखीचे पदार्थ मिळत असल्याने आजी-आजोबाही तेथे अवघडत नाहीत. बाहेरच्या जेवणाचा खरा लाभ चवीपेक्षा निराळा आहे: त्या एका वेळी घरातील कोणतीही स्त्री चुलीपाशी नसते आणि सर्व जण एकाच वेळी, एकाच टेबलाशी बसतात. मागवताना वृद्धांच्या दातांचा आणि पथ्याचा विचार आधी करावा. अन्यथा त्यांच्या वाट्याला नुसता दहीभात येतो.

लोणार सरोवर, सिंदखेडराजा किंवा ज्ञानगंगा अभयारण्य ही ठिकाणेही जिल्ह्यातच आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये लोणारला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला, तर सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान. परंतु नांदुऱ्याहून यांतील कोठेही गेले, तरी बहुतेक पूर्ण दिवस खर्ची पडतो. घरी वाट पाहणारे आई-वडील प्रवासाला येऊ शकत नसतील, तर हे बेत तीन-चार दिवसांच्या सुटीसाठी राखून ठेवणेच योग्य. उन्हाळ्यात येथील पारा चाळीस अंशांच्या वर राहतो. त्यामुळे फिरण्यास ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ बरा.

दोन दिवसांच्या भेटीत सर्वाधिक दुर्लक्ष होते ते न आखलेल्या वेळेकडे. घरे, दर्शन, जेवण यांच्या धावपळीत आई-वडिलांची औषधे संपत आली आहेत काय, डोळ्यांची तपासणी राहिली आहे काय, बँकेचे किंवा सात-बाऱ्याचे काही काम अडले आहे काय, हे विचारायचेच राहते. वृद्ध माणसे पाहुण्यांसमोर अशा अडचणी सांगत नाहीत, आणि दोन दिवसांसाठी आलेली मुले त्यांच्या दृष्टीने पाहुणेच ठरतात. म्हणून रविवारी दुपारचे दोन तास कोणताही बेत न ठरवता मोकळे ठेवावेत. ओसरीवर बसून निवांत बोलताना ज्या गोष्टी निघतात, त्या फोनवर निघत नाहीत. आणि आठवड्याच्या सुटीचा याहून चांगला उपयोग नाही.