वारंवारता निम्मी करणं: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

वारंवारतेचा भागाकार म्हणजे मोजणी, मोजणी म्हणजे डिजिटल. एक फ्लिप-फ्लॉप लावला की झालं. ही समजूत कॉलेजातच पक्की होते, आणि काही गिगाहर्ट्झपर्यंत ती खरीही आहे. पण ६० गिगाहर्ट्झच्या वायरलेस चिपमध्ये एक आवर्तन १६.७ पिकोसेकंदांत संपतं. तेवढ्या वेळात फ्लिप-फ्लॉपला पळवायचं तर वीज भरमसाट लागते. म्हणून अशा फेज-लॉक्ड लूपमध्ये ऑसिलेटरलगतचा पहिला टप्पा बहुधा अ‍ॅनालॉग ठेवतात. वारंवारता खाली आली की पुढचं काम डिजिटल डिव्हायडरकडे.

ही युक्ती आजकालची नव्हे. मिलर यांनी १९३९ मध्येच मिक्सरवर चालणारा डिव्हायडर मांडला होता. मिक्सरचा आउटपुट फिरवून पुन्हा त्याच मिक्सरला द्यायचा. तो इनपुटच्या निम्म्या वारंवारतेचा असेल तर दोघांतला फरकही निम्माच येतो आणि चक्र चालू राहतं. बेरजेतून येणारी दीडपट वारंवारता मात्र फिल्टरने दाबावीच लागते.

दुसरा प्रकार इंजेक्शन-लॉक्ड. निम्म्या वारंवारतेवर मुळातच डोलणाऱ्या ऑसिलेटरला बाहेरचा सिग्नल आपल्या तालावर आणतो. इथला सर्वांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे ‘क्यू जितका जास्त तितकं बरं’. साध्या ऑसिलेटरसाठी ते बरोबर आहे, इथे उलटं घडतं. अ‍ॅडलर यांच्या १९४६ च्या सूत्रानुसार लॉक होण्याची कक्षा क्यूच्या व्यस्त प्रमाणात असते. आउटपुट ३० गिगाहर्ट्झ, क्यू १०, इंजेक्शनचा प्रवाह ऑसिलेटरच्या प्रवाहाच्या एकपंचमांश असं धरा. आउटपुटला दोन्ही बाजूंना जेमतेम ०.३ गिगाहर्ट्झ मिळतात, म्हणजे इनपुटला एकूण १.२. आणि ५७ ते ६६ गिगाहर्ट्झचा पट्टा ९ गिगाहर्ट्झ रुंद! वर तापमान आणि चिप घडवतानाचा फरक लॉकची कक्षा सरकवतात, ते वेगळंच. मग क्यू मुद्दाम उतरवावा लागतो, इंजेक्शन वाढवावं लागतं, किंवा कपॅसिटर बदलत कक्षेचे तुकडे एकमेकांवर चढतील असे जोडावे लागतात. माझ्या मते या डिझाइनचं खरं कसब इथेच आहे.

आउटपुट दिसतो म्हणजे भागाकार होतोय, हेही खरं नाही. इनपुट काढून घेतलं तरी हा ऑसिलेटर चालूच राहतो. स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर ३० गिगाहर्ट्झजवळ रेष दिसली की समाधान मानू नका. इनपुट १०० मेगाहर्ट्झने सरकवा. आउटपुट बरोबर ५० ने सरकला, तरच लॉक आहे. लॉक नुकतंच सुटलं असेल तर मुख्य रेषेच्या एकाच बाजूला उतरत्या भाजणीने रेषा उभ्या राहतात. ते चित्र एकदा पाहून ठेवावं.

नॉइजचंही असंच. वारंवारता निम्मी झाली की फेज नॉइज ६ डेसिबलने घटतो हे खरं, पण डिव्हायडर स्वतःची भर घालतोच आणि लूप ती मोठी करतो. सगळा दोष वेगवान पहिल्या टप्प्याचा मानतात, पण त्याची भर अंतिम आउटपुटवर ६ डेसिबलनेच वाढते. एकूण ५१२ ने भागणाऱ्या लूपमध्ये शेवटच्या संथ टप्प्याची भर, लूपच्या बँडविड्थच्या आत, ५४ डेसिबलने वाढते. त्यावर इलाज म्हणजे शेवटचा आउटपुट आधीच्या वेगवान क्लॉकवर चालणाऱ्या फ्लिप-फ्लॉपमधून पुन्हा काढणं. मग मधल्या टप्प्यांत साचलेला वेळेचा डळमळीतपणा पुढे जात नाही.