खाडा

पहाटे ५.१०
बदलापूर. ताई डबा भरतात. चार पोळ्या, बटाट्याची भाजी. बॅगेत आणखी एक डबा असतो, त्यात स्टेपलर, चिकटपट्टी, अंगठ्यासाठी शाईचा पॅड. हे ऑफिसात मिळायला हवं, पण मागणीचा कागद फिरून येईपर्यंत आठवडा जातो. परळच्या एका कॅन्सर रुग्णालयात त्या ट्रायल कोऑर्डिनेटर आहेत. पगार २८ हजार, करार ११ महिन्यांचा. ट्रायल संपली की करारही संपला.

७.२५
ओपीडीची बाकं आधीच भरलेली. लातूर एक्स्प्रेसनं उतरलेली माणसं कोणती, ते ताईंना लांबून कळतं. रग आणि पाण्याची पाच लिटरची कॅन. त्यात भूम तालुक्यातलं एक जोडपं. बाई ४६ वर्षांची, गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. गावाहून बार्शीपर्यंत काळीपिवळी, पुढं रेल्वे. कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपरचं भाडं माफ, सोबत्याला ७५ टक्के सूट. पण त्याला रुग्णालयाचा दाखला लागतो, आणि दाखला रुग्णालयात पोचल्यावरच मिळतो. पहिली खेप पूर्ण भाड्याची.

९.०५
डॉक्टरांनी आजार समजावला. आता संमतीपत्र, १६ पानं. ताई वाचत नाहीत, सांगतात. औषधं जुनीच आहेत, कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल. रेडिएशनच्या आधी सहा आठवडे ती दिली, तर पाच वर्षांनी जास्त बायका जिवंत असतात, हे ५०० बायकांच्या एका ट्रायलमध्ये दिसलं. २०२४ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पाच देश होते, त्यात भारतही. इथली ट्रायल त्याच वाटेवरची. आपल्याकडच्या अशक्त बायकांना त्यातलं किती सोसतं, ते बघायचं.

"म्हंजी आमच्यावर प्रयोग," नवरा म्हणतो.

"प्रयोगच आहे, दादा. अर्ध्या जणींना आधी ही औषधं, अर्ध्या जणींना थेट रेडिएशन. कुणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवणार. मी नाही, डॉक्टर नाहीत. नको म्हणालात तरी रेडिएशन मिळणार, डॉक्टर हेच."

तो पुढचा प्रश्न विचारतो. बहुतेक जण हाच विचारतात. "किती दिस?"

सहा आठवडे औषधं, मग पाच आठवडे रेडिएशन, शनिवार-रविवार सोडून रोज. तो बोटांवर मोजतो. पाडवा येतो. मुकादमाकडून जोडप्यानं ऊसतोडीची ८० हजार उचल घेतली आहे. दोघं मिळून एक कोयता. एकजण बसला तरी दिवसाला ५०० रुपये खाडा. दोघं इथं, म्हणजे हजार. तो हे तक्रार म्हणून सांगत नाही, हिशोब म्हणून सांगतो.

बाई अजून काही बोललेली नाही. ताई खुर्ची तिच्याकडं वळवतात. "मावशी, तुम्हाला काय वाटतं?"

"रक्त लई जातं," ती म्हणते. "ते थांबंल का?"

तिला वाचता येत नाही, म्हणून साक्षीदार हवा, तोही ट्रायलशी संबंध नसलेला. ताई बाहेर जाऊन रांगेतल्या साताऱ्याच्या एका शिक्षकांना घेऊन येतात. भावाचा नंबर जाईल या धाकानं ते दारातच उभे राहतात, पण शेवटपर्यंत ऐकतात. अंगठा, सही, तारीख, वेळ. एक प्रत मावशींच्या पिशवीत.

१०.४०
रक्त घेतलं. ट्रायलची एक नळी जांभळ्या टोपणाची. लिफ्टला रांग, म्हणून ताई ट्रे घेऊन चार मजले जिन्यानं चढतात. सेंट्रीफ्यूजमध्ये समोरासमोर वजन सारखं लागतं, नाहीतर मशीन थरथरतं; मग एक नळी पाण्याची भरून समोर ठेवायची. दहा मिनिटं. वर पिवळसर पाणी, खाली लाल. पिपेटनं वरचं तेवढं काढून बोटाच्या पेराएवढ्या कुप्यांत. हात थोडा खाली गेला की लाल मिसळलं, नमुना वाया. ताईंचा श्वास तेवढा वेळ थांबलेला असतो. मग कुप्या उणे ८० अंशाच्या फ्रीजमध्ये.

१२.१५
रिपोर्ट आला. किडनी ठीक. हिमोग्लोबिन ८.६.

ट्रायलला १० लागतं. अट उगाच नाही, रक्त कमी असलं की रेडिएशनचा जोर कमी पडतो. पण अंगावरून महिनोन्‌महिने रक्त जाणारी आणि शिळी भाकर खाऊन फडात उतरणारी बाई १० आणणार कुठून, हे अटीत लिहिलेलं नसतं.

ताईंच्या टेबलावर एक लांबुळकं रजिस्टर आहे. विचारलेल्या प्रत्येक रुग्णाची एक ओळ. शेवटचा रकाना: का घेतलं नाही. पान उलटून बघावं. हिमोग्लोबिन. हिमोग्लोबिन. मुंबईत राहायची सोय नाही. घरी विचारून सांगतो म्हणाले. लहान मूल. फोन बंद. ट्रायलचा शोधनिबंध छापून येतो, तेव्हा यातल्या निम्म्या ओळी एका चौकटीत जातात आणि चौकटीवर लिहिलेलं असतं: इतर कारणं.

मावशींची ओळ ताई पेन्सिलनं लिहितात. तपासणीला १४ दिवसांची मुदत आहे. दोन बाटल्या रक्त चढवलं तर पुन्हा मोजता येईल. नवरा रक्तपेढीत जाऊन परत येतो. वजन ४३ किलो; रक्तदानाला किमान ४५ लागतं. ताई लालबागच्या एका मंडळाच्या पोराला फोन लावतात. "दोघं पाठव. नाश्ता करून या रे, मागच्यासारखं चक्कर येऊन पडू नका."

१.५०
डबा. चौथी पोळी मावशींना. त्यांच्या सासूचीही तपासणी झाली होती म्हणे, गावातच. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून गावोगाव एक मोठी ट्रायल चालली, १ लाख ३१ हजार बायकांची. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये तिथूनच जगाला कळलं. सून तेव्हा विशीत होती. तिशीच्या आतल्या बायका त्यात नव्हत्या. पुढं तिची तपासणी कुणी केली नाही.

३.००
मॉनिटर आले आहेत, औषध कंपनीच्या दुसऱ्या एका ट्रायलचे. त्या ट्रायलमध्ये रुग्णाला टॅक्सी मिळते. फायलीत त्यांना एक भेट तीन दिवस उशिराची सापडते. कारण? ताई लिहितात: पुरामुळं रस्ता बंद. "पुरावा?" ताई मोबाइलमधला बातमीचा फोटो दाखवतात. प्रिंट काढून जोडा, असं ठरतं.

४.३५
व्हाउचरं. आपल्या ट्रायलला एका भेटीमागं जास्तीत जास्त ५०० रुपये प्रवासखर्च, तिकीट जोडून. काळीपिवळीवाला तिकीट देत नाही. मग साध्या कागदावर निवेदन, खाली अंगठा. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देता येते, असं आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. मजुरीसाठी या ट्रायलच्या बजेटमध्ये ओळच नाही. पुढच्या प्रस्तावात ती घालावी म्हणून ताई डॉक्टरांच्या मागं लागल्या आहेत.

५.५०
रेल्वेच्या फॉर्मवर शिक्का. धर्मशाळेत नंबर १९ वा, म्हणजे आज रात्री जागा नाही. ताई जिन्याजवळचा वॉचमन कुणाला हटकत नाही, ते हळूच सांगतात. मंडळाची पोरं रक्त देऊन गेली. पहिली बाटली उद्या सकाळी.

७.१०
बदलापूर लोकल. कुर्ल्याला बसायला मिळतं. फोन करायची वेळ हीच, फडातली माणसं आत्ता पालावर परततात. प्रत्येक फायलीत तीन नंबर असतात: स्वतःचा, शेजाऱ्याचा, किराणा दुकानाचा. आजची बाई दोन वर्षांपूर्वी ट्रायलमध्ये आलेली. पहिला नंबर बंद. दुकानदार सांगतो, ती अथणीकडं कारखान्यावर गेली आहे, आणि टोळीतल्या कुणाचा तरी नंबर देतो.

"मावशी, मी मुंबईची ताई. बऱ्या आहात ना? तपासणीची तारीख गेली तुमची. महिनाअखेरपर्यंत चालेल."

पलीकडून ट्रॅक्टरचा आवाज. मुकादम सोडत नाही, बाई सांगते.

"त्याला द्या फोन," ताई म्हणतात.