काटे मोजायचे की दार बघायचं?

आजचा विषय नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाश्मांचा आहे. प्रश्न तसा साधा: अशा जीवाश्माची वेगळी जाती म्हणून नोंद करायची, तर त्याचं नेमकं काय बघायचं?

डायनोफ्लॅजेलेट हे एकपेशीय जीव, बहुतेक समुद्रात राहणारे. कोकण किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकतात, तो नॉक्टिलुका याच गटातला. यांतल्या बऱ्याच जाती अंगावर सेल्युलोजच्या तबकड्यांचं चिलखत बाळगतात, पण जीव मेला की ते कुजून जातं. मग उरतं काय? आजच्या जातींपैकी साधारण १०-१५ टक्के जाती आयुष्याच्या एका टप्प्यावर टणक कोष करून समुद्रतळाशी झोपी जातात. काहींच्या कोषाची भिंत इतकी चिवट, की दगड हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळवला तरी ती शिल्लक राहते. म्हणजे आमच्या हाती येतं ते जिवाने सोडलेलं रिकामं घर. नॉक्टिलुका असा कोष करत नाही, त्यामुळे दगडात त्याचा पत्ताच नाही.

१८३० च्या दशकात बर्लिनच्या एरेनबर्ग यांना चकमकीच्या दगडात काटेरी गोळे दिसले, कदंबाच्या फुलासारखे. त्यांना ते गोड्या पाण्यातलं शैवाल वाटलं. पुढे या गोळ्यांना 'हिस्ट्रिकोस्फिअर' असं भारदस्त नाव मिळालं, पण ते कोणाचे हे काही उलगडेना. वर्गीकरण चालायचं ते मुख्यतः काट्यांवर: लांब का आखूड, टोकाला फाटे आहेत का नाहीत.

१९६१ मध्ये अमेरिकेतल्या विल्यम एव्हिट यांनी काट्यांइतकंच लक्ष भोकाकडे दिलं. कित्येक गोळ्यांना एक भोक होतं, फुटून पडलेलं नव्हे, तर नीट कडा असलेलं आणि ठरावीक जागी. त्याचा आकार चिलखताच्या तबकडीशी जुळत होता. ते पेशी बाहेर पडायचं दार होतं! काट्यांची मांडणीही पुष्कळदा तबकड्यांप्रमाणेच निघाली. याच दशकात वॉल आणि डेल यांनी समुद्राच्या गाळातले जिवंत कोष उबवून दाखवले. स्पिनिफेरायटिस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोषांतून गोनिऑलॅक्स पोहत बाहेर आला.

इथे नावांचा घोळ सुरू होतो. पोहणारा जीव लिंग्युलोडिनियम पॉलिएड्रा, आणि त्याचाच कोष लिंग्युलोडिनियम मॅकेरोफोरम. नामकरणाचे नियम जीवाश्माला स्वतंत्र नाव ठेवू देतात. गैरसोयीचं आहे खरं, पण आम्हाला ते प्रामाणिक वाटतं. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या कोषातून काय बाहेर पडलं, ते पाहिलंय कोणी?

आता याच मॅकेरोफोरमचे काटे बघू. खाऱ्या समुद्रात ते लांब असतात. काळ्या समुद्रासारख्या कमी खारट पाण्यात आखूड होतात, कधी नुसते खुंट उरतात. लांबीवरून आपण तीन जाती केल्या, तर काय होईल? ड्रिलिंगमधून काढलेल्या गाळात खालून वर बघत गेलो, की एक जात 'नष्ट' झालेली दिसेल आणि दुसरी 'उगवलेली'. प्रत्यक्षात फक्त नदीचं पाणी कमी-जास्त झालेलं असेल. तेलाच्या शोधात थरांची वयं अशाच पहिल्या आणि शेवटच्या नोंदींवरून जुळवतात, म्हणजे चूक थेट वयात शिरते. म्हणून दार तेच, तबकड्या त्याच आणि काट्यांची लांबी सलग बदलत जाणारी असेल, तर आम्ही नाव एकच ठेवतो. काट्यांची मापं मात्र टाकून देत नाही. त्यांतूनच जुन्या पाण्याच्या खारटपणाचा अंदाज येतो.

पण सगळं एकत्र कोंबणं हेही शहाणपणाचं नाही. सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी एकाएकी तापली. त्या काळातल्या उत्तर समुद्राच्या थरांत लांबलचक शिंगांचा एक कोष सापडतो, अॅपेक्टोडिनियम ऑगस्टम (हल्ली त्याला अॅक्सिओडिनियममध्ये हलवलंय). त्याला आखूड शिंगांच्या भाईबंदांत मिसळलं असतं, तर त्या काळाची इतकी सोपी खूण हातची गेली असती. तेव्हा शिंगं-काटे गौण, असा सरसकट नियम नाही. एकच नमुना बघून निकाल देऊ नये, इतकंच. आम्ही मिळतील तितके नमुने मोजतो आणि सर्वांत लहान, सर्वांत मोठा आणि सरासरी, तिन्ही आकडे लिहितो.

नवी जाती जाहीर करताना एक आदर्श नमुना नेमावा लागतो. तो काचपट्टीवर कुठे आहे, हे इंग्लंड फाइंडर नावाच्या खुणांच्या पट्टीवरून नोंदवतात. कोष पारदर्शक असल्याने वरच्या आणि खालच्या बाजूवर वेगवेगळा फोकस करून चित्रं घ्यावी लागतात. आणि चित्रं घेतली तरी दार कुठल्या तबकडीच्या जागी आहे, हे आम्ही शब्दांतही लिहितोच. ग्लिसरिन जेलीवरच्या जुन्या काचपट्ट्या वाळतात, कोष चुरगळतो, आणि पन्नास वर्षांनी तो शोधत आलेल्याला दार दिसेलच, याची खात्री नसते.